सावडीचा गुरुवार

गेली वीस-बावीस वर्षं मी ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहिते तिचं नाव लिस्प. जुनी भाषा आहे. तिच्यात कंसाच्या आत कंस आणि त्याच्याही आत कंस असतात, आणि ती वापरणारी मूठभर माणसं तिच्यावर अतोनात प्रेम करतात. मीही करते. पण लोणावळ्यात हे कुणाला सांगायची सोय नाही. आमच्या सोसायटीत मी कॉम्प्युटरवाली म्हणून प्रसिद्ध आहे आणि लोक बिघडलेले प्रिंटर घेऊन दारात उभे राहतात. प्रिंटरमधलं मला ओ की ठो कळत नाही, हे सांगून सांगून मी दमले. आता कागद अडकलाय का तेवढं बघते आणि परत देते.

आईला मात्र मी काय करते ते नीट समजावं, अशी माझी फार इच्छा असायची. ती जवळच्याच भाजे गावात राहते, आमच्या जुन्या घरात एकटी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी एकुलती एक. दर भेटीत मी तिला सांगायचे की मी वेबसाइटच्या मागचं काम बघते, म्हणजे एकाच वेळी पुष्कळ माणसांनी पुष्कळ बटणं दाबली तर गोंधळ होऊ नये अशी व्यवस्था करते. ती तांदूळ निवडत ऐकायची आणि शेवटी विचारायची, "मंग बसून असतीस ना दिवसभर?" मी चिडायचे. बसूनच असते, पण ते असं कुणी म्हणावं का?

दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात तिचा फोन आला. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, तरी तीनदा आला, म्हणून घेतला.

"आबांना सांगितलंय मी," ती म्हणाली. "यंदा सावडीची यादी माझी लेक करून देईल. काम्पुटरात."

"मला विचारलंस का?"

"आता सांगते की."

सावड म्हणजे भातलावणीला घरांनी एकमेकांना द्यायचे हात. आमच्या सावडीत अकरा घरं आहेत. एका दिवशी अकराही घरची माणसं एकाच्या खाचरात उतरतात, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या. तुम्ही सगळ्यांकडे वाकलात की सगळे तुमच्याकडे वाकतात. मजुरीचा प्रश्न येत नाही. आई लग्न होऊन आली त्या वर्षापासून या सावडीत होती आणि एकही लावणी तिनं चुकवली नव्हती, मी पोटात असतानासुद्धा नाही. हे मला ती दर पावसाळ्यात ऐकवते.

त्या वर्षी तिचे गुडघे गेले. डॉक्टरांनी चिखलात उतरायचंच नाही म्हणून बजावलं. घरात दुसरं कुणी नाही, आणि मला लावणी येत नाही. म्हणजे सावडीत द्यायला आमच्या घरचे हातच उरले नव्हते. आमचं खाचर बारा गुंठ्यांचं. ते पडीक राहिल्यानं जगबुडी होणार नव्हती, आणि तसं मी म्हटलंही.

"कुनी काही बोलनार न्हाई गं," आई म्हणाली. "येतील समदे. लावून देतील. म्हातारी हाय, करू द्या म्हनतील. तेच नको मला."

तेव्हा मला कळलं की माझ्या प्रोग्रॅमची तिनं सावडीत हात म्हणून बोली केली होती. लेक यादी करते, म्हणून आईचं घर सावडीत. माझा राग गेला नाही, पण नाही म्हणायचा रस्ताही उरला नाही.

आता ही यादी आधी कशी व्हायची ते सांगायला हवं. आबा हे सावडीतले सगळ्यांत वडीलधारे. त्यांच्या ओसरीवर तीन संध्याकाळी बैठक बसायची. तिथं आमच्याकडची एक विचित्र सभ्यता चालते. स्वतःसाठी कुणी दिवस मागत नाही. "आमचं काय, कवाबी चालंल, तुमचं आधी हू द्या," असं अकराही घरं म्हणतात, चहा पितात, घरी जातात आणि हवा तो दिवस मिळाला नाही म्हणून आठवडाभर तोंड फुगवून बसतात. मग आबा एकेकाच्या घरी जाऊन त्याच्या मनातला दिवस काढून घ्यायचे. त्यांचंही वय झालेलं. बटण दाबलं की बोलावं लागत नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी त्यांना माझं यंत्र पसंत पडलं.

सगळ्यांच्या मनातला दिवस बहुधा एकच असतो, तो म्हणजे गुरुवार. परंदवडीकडच्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी, त्यामुळे घरातले कमावते पुरुष त्या दिवशी मिळतात. शनिवार-रविवारचं नावच काढायचं नाही. लेण्यांच्या पायथ्याला आणि धबधब्यावर पाहुण्यांची झुंबड, निम्मं गाव चहाभज्यांत आणि गाड्या लावून घेण्यात गुंतलेलं, आणि मोबाइलचा टॉवर पाहुण्यांचे फोटो वाहून नेण्यात इतका दमलेला की शेजारच्या घरात फोन लागत नाही.

प्रोग्रॅम मी दोन संध्याकाळींत लिहिला. पान साधं ठेवलं, जुलैचे दिवस आणि वर घराचं नाव. लिस्पमध्ये मला फार आवडणारी एक सोय आहे. पानावरच्या प्रत्येक बटणामागे एक छोटं फंक्शन उभं करता येतं, आणि ते फंक्शन जन्माला येतानाची परिस्थिती लक्षात ठेवतं. तुम्ही गुरुवारावर बोट ठेवलं की प्रोग्रॅम बघणार, गुरुवार मोकळा आहे का. असला तर 'पक्कं करू?' असं विचारणारं दुसरं बटण समोर येणार. त्या बटणामागचं फंक्शन तुमचं घर, तो दिवस आणि दिवस मोकळा असल्याची बातमी मनात धरून बसणार. तुम्ही दाबलं की दिवस तुमच्या नावावर, आणि पान हिरवं. फिरून काही विचारायचं कारण नाही. किती सुटसुटीत लिहिलंय मी, म्हणून स्वतःवरच खूश होते.

तपासणी मीच केली. एकदा आई झाले, एकदा आबा झाले, एकदा पलीकडच्या वहिनी झाले. सगळं चोख चाललं. चालणारच, कारण तिन्ही वेळा बोट माझंच होतं आणि एका वेळी एकच. एकाच वेळी दोन माणसांनी बटण दाबलं तर काय होईल, हा प्रश्न मी ऑफिसात नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात विचारते. उत्तर आलं नाही की मी कपाळावर आठ्या घालते. घरच्या कामाला तो प्रश्न मला सुचला नाही. अकरा घरं, आपापल्या सवडीनं दाबतील दिवसभरात, असं मी गृहीत धरलं.

सवडीनं? आबांना मी ओळखतच नव्हते.

आबांनी विचार केला की जो आधी दाबेल त्याला दिवस मिळाला, तर घाई करणाऱ्याचं फावेल. सावडीत असा पुढे घुसणारा नको. म्हणून त्यांनी सोमवारी सकाळी अकराही घरांना फोन घेऊन शाळेच्या ओट्यावर बोलावलं, कारण गावात रेंज भरवशाची तिथंच. सगळ्यांकडून पान उघडून घेतलं. मनातला दिवस मनात ठेवायला सांगितलं. आणि मग म्हणाले, "मी एक, दोन, तीन म्हनीन. तीनला समद्यांनी एकदम दाबायचं. म्हंजी कुनी पयला न्हाई, कुनी शेवटचा न्हाई."

जगात कुठल्याही प्रोग्रॅमवर करता येणारा सगळ्यांत क्रूर प्रयोग माझ्या प्रोग्रॅमवर एका सत्तरीतल्या माणसानं न्यायाच्या कळकळीपोटी केला. मोठ्या कंपन्या असली परीक्षा घ्यायला खास माणसं ठेवतात.

मी तेव्हा लोणावळ्यात ऑफिसच्या कामात होते. आईचा फोन आला. "झालं गं. समद्यांना हिरवं आलं."

सगळ्यांना हिरवं आलं. या एका वाक्यावर मी खुर्चीतून उठायला हवं होतं. निदान तीन घरांना याच आठवड्यातला गुरुवार हवा असणार आणि तो एकच, मग सगळ्यांना हिरवं येईलच कसं? मी म्हटलं, "बघ, सांगितलं होतं ना." आणि स्वतःसाठी चहा टाकला.

गुरुवारी सकाळी साडेसहाला आबांचा फोन. "पोरी, तुजं यंत्र तिघांना व्हय म्हनून बसलंय. हितं ये."

कुणाला कुठला दिवस आला, हे सभ्यतेपोटी तीन दिवस कुणी कुणाला विचारलं नव्हतं, आणि तीन घरांनी बुधवारी रोपं उपटली होती. उपटलेल्या रोपांच्या मुठी बांधून पाण्यात ठेवतात. एक दिवस चांगली राहतात, दुसऱ्या दिवशी कुरकुर करतात, त्यानंतर पिवळी पडायला लागतात. ती तीन घरं कुठली? पहिलं पलीकडच्या वहिनींचं, ज्यांचे यजमान कारखान्यात आहेत आणि फक्त गुरुवारी घरी असतात. दुसरं एका भाऊंचं, ज्यांची लेण्यांच्या पायऱ्यांशी चहाची टपरी आहे. आणि तिसरं आमचं. आईनं दोन बायकांना विनवून रोपं उपटून घेतली होती.

मी स्कूटर काढली. पाऊस असा की चष्म्यातून फक्त पांढरं दिसत होतं. मळवलीचं रेल्वेफाटक नेमकं बंद. एक गाडी गेली, फाटक उघडेना, उलट्या दिशेनं दुसरी आली. रेनकोटच्या आत पाणी शिरत असताना मी त्या फाटकाकडे बघत बसले आणि मला काय चुकलंय ते लख्ख दिसलं. रेल्वेनं गाडी जाईपर्यंत रस्ता अडवून धरला होता. मी 'मोकळं आहे का' एवढं विचारून फाटक सताड उघडं ठेवलं होतं. तिघांनी विचारलं, तिघांना त्या क्षणी मोकळं दिसलं, आणि तिघांची तीन फंक्शनं मोकळ्या गुरुवारची आठवण उराशी धरून बसली. मग प्रत्येकानं पक्कं केलं तेव्हा प्रत्येकाचा गुरुवार पक्का झाला. विचारणं आणि लिहिणं यांच्या मध्ये दुसऱ्याला शिरू द्यायचं नाही, हे मी वीस वर्षं पोरांना शिकवतेय. इतकी लाज मला नोकरीत कधी वाटली नव्हती.

शाळेच्या ओट्यावर सगळी सावड जमलेली. डोक्यावरून प्लास्टिकचे कागद घेतलेल्या बायका, फोन हातात धरलेले पुरुष. वहिनी आणि भाऊ आपापलं हिरवं पान एकमेकांना दाखवत होते. भांडत नव्हते, तेच वाईट होतं. "तुमचं हू द्या आधी," असं दोघंही म्हणत होते, आणि कुणीही हलत नव्हतं. आई खालच्या पायरीवर काठी धरून बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

मी लॅपटॉप उघडला. लिस्पमध्ये चालू प्रोग्रॅम न थांबवता दुरुस्त करता येतो. फोनच्या रेंजवर सर्व्हरला जोडून घेतलं आणि दहा मिनिटांत कुलूप घातलं. म्हणजे यापुढे पक्कं करताना प्रोग्रॅम दार लावून घेणार, दिवस अजून मोकळा आहे का ते पुन्हा बघणार, लिहिणार, आणि मगच पुढच्याला आत घेणार. मला वाटलं आता कुणीतरी हुश्श म्हणेल. कुणी बघतसुद्धा नव्हतं. रोपं पाण्यात होती आणि लोकांना आजचं उत्तर हवं होतं.

आबा म्हणाले, "झालं ते झालं. समद्यांनी एकदम दाबलं हुतं. मंग पयला-दुसरा कुटं आला?"

इथं माझं डोकं फिरलं. सकाळपासून भिजले होते, चूक माझी होती, आणि वर हे. मी सगळ्यांसमोर आबांना सुनावलं, "आबा, यंत्राला एकदम असं काही नसतं. माणसाला वाटतं एकदम झालं म्हणून. कुणीतरी पहिलं असतंच, केसाच्या अंतरानं का होईना. प्रोग्रॅम प्रत्येक दाबण्याची वेळ लिहून ठेवतो. थांबा, आत्ता दाखवते."

"दाखव," आबा म्हणाले.

मी सोमवारची नोंद काढली. सगळ्यांत वरची ओळ आईच्या फोनची होती. मला आधी बरंच वाटलं. चला, आपलाच दिवस. मग खालच्या ओळी बघितल्या. आईच्या ओळीनंतर तीन सेकंद काहीही नव्हतं. त्यानंतर एका सेकंदाच्या आत एकावर एक दहाही घरं पडली होती.

केसाचं अंतर ते असं नसतं. दहा घरांनी आबांच्या 'तीन'ला दाबलं होतं. आईनं आबांनी 'एक' म्हणायच्या आतच दाबलं असणार.

जिनं आयुष्यात सावडीत कधी स्वतःसाठी दिवस मागितला नाही, ती माझी आई. पदराआड फोन धरून, सगळ्यांच्या आधी. द्यायला हात नाहीत म्हणून आपला नंबर कुणी लावेल की नाही, या भीतीनं.

आणि तेवढंच नव्हतं. तिचं दुसरं बटण, पक्कं करायचं, ते सगळ्यांत शेवटी होतं. वहिनींनी आणि भाऊंनी दोन-तीन सेकंदांत पक्कं करून टाकलं होतं. आईनं पहिल्या दाबण्यानंतर पक्कं करायला अकरा सेकंद घेतले होते. तेवढा वेळ ती त्या बटणाकडे बघत बसली असली पाहिजे. लगेच दाबलं असतं तर बाकीच्या दोघांना गुरुवार भरलेला दिसला असता, त्यांनी दुसरा दिवस घेतला असता, आणि माझी चूक कुणाला कळलीही नसती. तिनं पुढे घुसायचं धाडस केलं, आणि मग तिला ते पचलं नाही. माझ्या प्रोग्रॅममधलं भोक आणि तिचा संकोच, दोन्ही त्या अकरा सेकंदांत बसली होती.

"काय गं?" आबा म्हणाले. "कोन पयला?"

आई आपल्या गुडघ्यांकडे बघत होती. यंत्र वेळ लिहून ठेवतं हे तिनं आत्ताच माझ्या तोंडून ऐकलं होतं. मी मोठ्यानं, सगळ्यांसमोर, ठणकावून सांगितलं होतं ना.

खरं सांगायचं तर दोनच गोष्टी सांगता आल्या असत्या. आई पहिली, आणि मग कितीनं, हे आबांनी विचारलंच असतं. किंवा आई पुढे घुसली म्हणून बाद, आणि दहांत वहिनी पहिल्या, केसाच्या अंतरानं. दोन्हीतून एकच झालं असतं. कुणी तिला काही बोललं नसतं. म्हातारी हाय, करू द्या, म्हणाले असते.

मी लॅपटॉप मिटला.

"तिघांचं एकदमच आलंय, आबा," मी म्हणाले. "अगदी एका वेळी. चूक माझी आहे."

आबांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "मंग मी काय म्हनत हुतो?"

वीस वर्षांच्या कामातलं एकही वाक्य मी इतक्या ठामपणे खोटं बोलले नव्हते, आणि वर आबांचा टोमणा मान खाली घालून ऐकून घ्यावा लागला. भाऊ हसले. वहिनी हसल्या नाहीत.

आबांनी निकाल दिला. एकदम आलं तर एकदम करू. वरच्या खाचरापासून खाली यायचं, पाणी येतं त्याच वाटेनं. आधी भाऊंचं, मग आमचं, मग वहिनींचं. माणसं उठली. इतकी माणसं एका दिवसात तीन घरं करायला निघालेली मी पहिल्यांदाच बघितली, आणि अर्थातच ते जमलं नाही. भाऊंचं झालं. आमचे बारा गुंठे दुपारच्या भाकरीनंतर झाले. वहिनींच्या खाचराला लागेपर्यंत उजेड निम्मा गेला होता. निम्मी रोपं पाण्यातच राहिली आणि त्यांच्या यजमानांना शुक्रवारी कामावर जायचं होतं.

मी बांधावर आईशेजारी बसले होते. मुठी फेकायचं काम तेवढं मला दिलं होतं, तेही धड जमत नव्हतं. मूठ जिथं फेकायची तिथून हातभर लांब पडायची आणि बायका हसायच्या.

"यंत्रात समदं दिसतं का गं?" आईनं विचारलं.

"दिसतं."

तिनं काठीनं बांधावरचं गवत बाजूला केलं, पुन्हा होतं तसं केलं. मग म्हणाली, "उद्या तू वहिनीच्या रानात जा."

"आई, मला ऑफिस आहे."

"माझे गुडघे न्हाईत म्हनून सांगते. न्हाईतर मीच गेले असते."

मी रजा टाकली. कारण लिहिताना दहा मिनिटं गेली आणि शेवटी घरगुती काम असं लिहिलं. शुक्रवारी पोटरीभर चिखलात वाकून मी वहिनींच्या शेजारी रोपं लावली. पाठीचे तुकडे पडले. नखांत गेलेला चिखल आठवडाभर निघाला नाही. माझी रांग सुरू व्हायची बांधाच्या बरोबरीनं आणि पुढे नाल्याकडे झुकायची. वहिनींनी ती दोनदा सरळ करून घेतली, तिसऱ्यांदा सोडून दिली.

"तुमच्या यंत्रागत लावताय," त्या म्हणाल्या. बरोबरच होतं. त्यांचा गुरुवार मी दुसऱ्यांना वाटून टाकला होता आणि तसं त्यांना सांगूही शकत नव्हते. त्या दिवसभरात मला याची खंत वाटली, अजूनही वाटते. त्यांची दोन वाफे रोपं पिवळी पडली, पुढे सावरली.

सावडीत मात्र एक आहे. रांग वाकडी लावली तरी माणूस आला एवढं धरतात. संध्याकाळी आबा बांधावरून ओरडून आईला म्हणाले, "तुमच्या घरचा हात आला हं." आईनं मान हलवली. मला वाटलं, आता तरी ती माझ्याकडे बघून काही बोलेल. ती म्हणाली, "पाय नीट धू. नख्यांतला चिखल कुजतो."

त्या पावसाळ्यानंतर मी तो प्रोग्रॅम शांतपणे बसून पुन्हा लिहिला. कुलूप पुरेसं होतं. लिस्पमधल्या कुठल्याही शहाण्या माणसानं तिथंच थांबावं. एका वेळी एक घर आत घ्यायचं, जो आधी येईल त्याला दिवस द्यायचा, आणि कोण कधी आला ते लिहून ठेवायचं. मी तसं लिहिलं आणि खोडलं. आता बटण दाबलं की ते एका टोपलीत पडतं. आबा 'झालं' म्हणेपर्यंत टोपली उघडत नाही. एका दिवसाला एकाहून जास्त घरं निघाली तर त्या घरांना एकत्र बसून ठरवा असं सांगायचं, एवढंच. मग ओसरीवर चहा होतो आणि तुमचं आधी हू द्या सुरू होतं. म्हणजे दोन संध्याकाळींचं काम करून मी फक्त बैठकीतल्या दोन संध्याकाळी वाचवल्या, तिसरी आहेच.

आणि दाबण्याची वेळ लिहून ठेवणारी ओळ मी काढून टाकली. ऑफिसात कुणी असं करून माझ्याकडे तपासायला पाठवलं असतं, तर मी चार खरमरीत शब्द लिहून परत धाडलं असतं. नोंदीशिवाय चूक सापडणार कशी, असं विचारलं असतं.

गेल्या वर्षी सोमवारी सकाळी मी स्वतः ओट्यावर हजर होते. आबांनी एक, दोन, तीन म्हटलं. आई खालच्या पायरीवर बसली होती, फोन मांडीवर, पदर फोनवर. तिनं कधी दाबलं ते मला माहीत नाही.